ताई, फिल्टर कुठला घेऊ?

मागच्या अंकात मी समुद्री टँकबद्दल सहज चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीगच आला, त्यातही निम्म्याहून जास्त पत्रं फिल्टरचीच. म्हणून या वेळी गोड्या पाण्याला सुट्टी. ज्यांची उत्तरं राहिली त्यांनी रागावू नका, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई नमस्कार. आमच्याकडे सात वर्षं गोड्या पाण्याचा टँक आहे, गप्पी, मॉली, एंजल सगळं करून झालं. आता नवीन ३ फुटी टँक बनवून घेतोय, ३६ बाय १८ बाय १८ इंच, त्यात समुद्री मासे ठेवायचेत. एक दुकानदार म्हणतो मोठा कॅनिस्टर घ्या, बाकी काहीच लागत नाही. दुसरा म्हणतो सम्प आणि स्किमर नसेल तर या भानगडीत पडूच नका. दोन क्लाउनफिश आणि एक निळा टँग घ्यायचा विचार आहे. खर्चाची तयारी आहे पण उधळपट्टी नको. — एक वाचक, ठाणे

दुसरा दुकानदार बरोबर आहे, पण त्याने कारण सांगितलं नसणार म्हणून मी सांगते, जरा लांबेल.

तुमचा टँक काठोकाठ भरला तर साधारण १९० लिटर होतो, दगड-वाळू टाकल्यावर प्रत्यक्ष पाणी १६० च्या आसपास. गोड्या पाण्यात आपल्याला सवय लागलेली असते की फिल्टर म्हणजे स्पंज आणि सिरॅमिक रिंगा भरलेला डबा, पाणी एका बाजूने आत जातं, दुसऱ्या बाजूने स्वच्छ होऊन येतं. समुद्री टँकमध्ये हे काम दगडच करतो. सच्छिद्र दगड असेल तर त्याच्या भोकाभोकांत बॅक्टेरिया राहतात, माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून निघालेल्या अमोनियाचं ते नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. १५-२० किलो चांगला दगड आणि त्याच्याभोवती जोरात फिरणारं पाणी, एवढ्यात तुमचा बायोलॉजिकल फिल्टर झाला, त्यासाठी वेगळा डबा विकत घ्यायची गरज नाही.

मग कॅनिस्टरने, म्हणजे त्या बंद डब्याच्या फिल्टरने, बिघडतं काय? तो घाण पकडतो पण बाहेर काढत नाही, हे बिघडतं. बंद डब्यात, तुमच्या नजरेआड, तीच घाण कुजत राहते आणि तिचं नायट्रेट होऊन परत टँकमध्ये येतं. गोड्या पाण्यात झाडं असतात, ती नायट्रेट खाऊन टाकतात म्हणून आपलं खपून जातं. इथे झाडं नाहीत. दर आठवड्याला कॅनिस्टर उघडून धुणार असाल तर गोष्ट वेगळी, पण खरं सांगा, तुमचा आत्ताचा फिल्टर शेवटचा कधी धुतला होता?

स्किमरचं गणित उलटं आहे. घाण कुजायच्या आधीच ती पाण्याबाहेर काढायची. कोल्हापूरकडचे लोक हे लगेच ओळखतील, गुऱ्हाळात रस उकळायला लागला की वर मळी येते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढत राहतो, तसंच. नाहीतर घरी तूरडाळ शिजताना वर येणारा फेस आठवा. स्किमरच्या नळीत पंप पाण्यात हवेचे अगदी बारीक, दुधाळ दिसणारे बुडबुडे सोडतो, पाण्यात विरघळलेली प्रथिनं आणि तेलकट घाण त्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटते, फेस होऊन नळीच्या मानेत चढते आणि वरच्या कपात पडते. कपात जमलेलं ते चहाच्या रंगाचं पाणी एकदा हुंगून बघा, सुके बोंबील रात्रभर भिजवून विसरलात तर येईल तसा वास येतो, आणि हे सगळं टँकमध्ये राहिलं असतं म्हणून स्किमरला हात जोडावेसे वाटतात. गोड्या पाण्यात स्किमर नीट चालत नाही कारण तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात, खाऱ्या पाण्यात ते बारीकच राहतात. त्यामुळे सात वर्षांत तुमचा याच्याशी संबंध आला नाही यात तुमची काही चूक नाही.

आता माझी गोष्ट, लाज वाटते पण सांगते. माझा पहिला समुद्री टँक कॅनिस्टरवरच होता, कारण तो गोड्या पाण्याच्या टँकमधून उरलेला होता आणि मला वाटलं पैसे वाचले. गणपतीला आम्ही गावी गेलो, मागे सोसायटीत फेज गेली आणि रात्रभर वीज नव्हती. सकाळी वीज आली, कॅनिस्टर आपोआप सुरू झाला आणि रात्रभर डब्यात कोंडलेलं, ऑक्सिजन संपून सडलेलं पाणी त्याने एका दमात टँकमध्ये ओतलं. शेजारच्या काकूंचा फोन आला, अगं मासे आडवे झालेत. पाचही गेले. एक लक्षात घ्या, त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच साधारण पाचवा हिस्सा कमी मावतो, त्यामुळे इथे चूक सावरायला वेळ फार थोडा मिळतो. स्किमर भरपूर हवा घुसळतो, त्याने ऑक्सिजनही वाढतो, हा फायदा दुकानात कोणी सांगत नाही.

तर घ्यायचं काय. टँकखालच्या कपाटात मावेल तेवढा मोठा सम्प करून घ्या. सम्प म्हणजे काही जादू नाही, दोन-तीन कप्पे पाडलेला दुसरा काचेचा टँक, कुठलाही काचवाला बनवून देतो. त्याने एकूण पाणी वाढतं, आणि स्किमर, कार्बनची पिशवी वगैरे अवजारं हॉलमध्ये दिसत नाहीत, हे घरात शांतता राहण्यासाठी फार महत्त्वाचं आहे. पाणी खाली न्यायला टँकला भोक लागतं, ते आत्ताच पाडून घ्या, आणि काचवाल्याला विचारा की काच टफन्ड (तापवून कडक केलेली) आहे का, कारण टफन्ड काचेला नंतर भोक पाडायला गेलं की तिचा चुरा होतो.

स्किमर घेताना खोक्यावरचा आकडा मानू नका. खोक्यावर ‘३०० लिटरपर्यंत’ असेल तर ते दोन-चार बारके मासे धरून असतं. तुमच्यासाठी ३०० ते ४०० लिटरवाला घ्या, सुईचक्री पंपाचा (चक्रीला सुयांसारखे काटे असलेला) असेल तर उत्तम. नवीन स्किमर पहिला आठवडा काहीच काढत नाही किंवा वेड्यासारखा उतू जातो, लगेच दुकानात परत घेऊन जाऊ नका, त्याच्या आतल्या भिंतींवर बुळबुळीत थर बसला की तो ताळ्यावर येतो. आणि मान दर तीन-चार दिवसांनी पुसायची, तिथे चिकट थर साचला की फेस वर चढतच नाही, मग लोक म्हणतात स्किमर खराब निघाला.

रिटर्न पंपाचं, म्हणजे सम्पमधलं पाणी परत टँकमध्ये चढवणाऱ्या पंपाचंही तेच. खोक्यावर ताशी २००० लिटर लिहिलेलं असतं ते शून्य उंचीला. सम्पमधून चार-साडेचार फूट वर चढवल्यावर त्यातलं निम्मंसुद्धा मिळेल याची खात्री नाही. तुम्हाला प्रत्यक्षात ताशी ७०० ते ८०० लिटर मिळालं तरी पुरे, त्यामुळे २००० चा घेतलात तर बरोबर बसेल. टँकमधलं पाणी फिरवण्याचं काम रिटर्नवर टाकूच नका, त्यासाठी वेगळा वेव्हमेकर, म्हणजे टँकच्या आत पाणी ढवळणारा पंप, ताशी ३००० लिटरच्या आसपासचा, दगडांच्या मागे घाण साचणार नाही अशा कोनात लावा.

पाणी सम्पमध्ये उतरतं तिथे फिल्टर सॉक, म्हणजे गाळणीची कापडी पिशवी, लावतात. लावा, पण दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा. ज्यांना जमत नाही त्यांनी लावूच नये, मळका सॉक म्हणजे छोटा कॅनिस्टरच. बायोबॉल्स (बॅक्टेरिया बसावेत म्हणून विकतात ते प्लास्टिकचे गोळे) कोणी देत असेल तर हात जोडून नको म्हणा.

निळा टँग मात्र विसरा. तो मोठा होऊन फूटभर वाढतो आणि दिवसभर पोहत असतो, त्याला ६ फुटी टँक लागतो, ३ फुटात तो चिडतो आणि आजारी पडतो. क्लाउनफिशची जोडी घ्या, एखादा गोबी, एखादा कार्डिनल. क्लाउनफिशचं प्रजनन भारतात सीएमएफआरआयच्या (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या) शास्त्रज्ञांनी केव्हाच बसवलंय, हॅचरीत वाढलेले मासे मागून घ्या, ते टँकमध्ये पटकन रुळतात आणि समुद्रातून कमी होत नाहीत. आणि सगळं जोडून झाल्यावर मासे आणायला पळू नका, चार ते सहा आठवडे टँक नुसता चालवा, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मग.

मॅडम, मी प्यायच्या आरओचं पाणी वापरून मीठ कालवतो, म्हणजे शुद्धच पाणी आहे. तरी दोन महिन्यांत गोगलगायी मेल्या, कोळंबी मेली, मासे मात्र ठणठणीत. काचेवर तपकिरी थरही येतो. फिल्टर कमी पडतोय का, अजून एक लावू? — निवृत्त बँक कर्मचारी, पुणे

काका, आधी एक काम करा, प्युरिफायरवर काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचा. ‘कॉपर’ असा शब्द दिसतोय का? हल्ली बऱ्याच प्युरिफायरमध्ये पाण्यात मुद्दाम तांबं सोडणारं काडतूस असतं, तांब्याच्या भांड्यातलं पाणी चांगलं म्हणून. ते तुमच्यासाठी असेल चांगलं. कोळंबी, गोगलगायी, खेकडे यांच्यासाठी थोडंसं तांबंही विष आहे, आणि मासे ते सहन करतात, त्यामुळे तुमचं वर्णन मला तरी तांब्याकडेच बोट दाखवताना दिसतंय. खात्री करायची तर तांब्याची टेस्ट किट मिळते.

शब्द नसला तरी अजून एक गोष्ट असते. प्यायच्या मशीनमध्ये पाणी अगदी बेचव होऊ नये म्हणून थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळतात. टीडीएस मीटर घ्या, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, छोटासा पेनासारखा असतो, तुमच्या ग्लासात ५० ते १०० दाखवेल. टँकसाठी आकडा शून्य हवा. त्यासाठी साधं आरओ मेंब्रेन आणि शेवटी उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी, एवढंच वेगळं युनिट बसवा, मोरीत किंवा गॅलरीत. वाया जाणारं पाणी लादी पुसायला, कुंड्यांना. मी जर तुमच्या जागी असते तर स्किमरच्याही आधी या युनिटवर पैसे घातले असते, कारण वाईट पाणी आत घालून नंतर ते फिल्टरने सुधारायचं म्हणजे आधी कपड्यावर डाग पाडून मग साबण शोधायचा.

तपकिरी थर बहुतेक डायटम, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ आहे, नळाच्या पाण्यातल्या सिलिकेटवर वाढतो, नवीन टँकला येतोच, काही आठवड्यांत जातो. जुनं पाणी थोडं थोडं बदलत चला आणि सोबत कार्बन, मिळालं तर धातू शोषणारं मीडिया ठेवा. अजून एक फिल्टर नको. आणि हो, कुठे पितळी कॉक, तांब्याची फिटिंग लावली नाहीये ना प्लंबरने? माझ्याकडे एकाने लावली होती, ‘मॅडम प्लास्टिक टिकत नाय’ म्हणून. सगळीकडे पीव्हीसीच हवं.

ताई मी कॉलेजला आहे, मालवणजवळ राहतो, समुद्र घरापासून चालत. २ फुटी टँक आहे, ७० लिटर. समुद्राचंच पाणी आणि रीफवरचे दगड आणले तर फिल्टरचा खर्च वाचेल ना? मित्र म्हणतो एक समुद्रघोडा पण मिळेल. — एक विद्यार्थी

अरे थांब थांब. दगड आणि समुद्रघोडा दोन्हीला हात लावू नकोस. प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत, आणि मेलेल्या प्रवाळाचा दगडही त्यातच येतो. शिवाय तुमच्याकडे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काही उचललंस तर फिल्टरचा खर्च वाचेल पण वकिलाचा सुरू होईल. दुकानात ‘लाइव्ह रॉक’ म्हणून खरा प्रवाळ विकत असतील तिथेही हाच नियम समज. सिरॅमिकचे किंवा सिमेंटसारखे बनवलेले सच्छिद्र दगड मिळतात, ते घे. बॅक्टेरिया बसायला वेळ लागतो, बसतात मात्र नक्की.

पाणी वापरायला हरकत नाही, उलट मला हेवा वाटतो. मुंबईत चौपाटीचं पाणी टँकमध्ये घालायची माझी हिंमत नाही. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर समुद्राला खेटून उघडलं, आमची शाळेची सहल तिथे गेली होती आणि माझं हे खूळ तिथेच सुरू झालं, पण आज त्या किनाऱ्यावरचं पाणी बादलीत भरून घरी आणायला मी कोणाला सांगणार नाही. तू पाणी भरतीच्या वेळी भर, खाडीच्या आणि नाल्याच्या तोंडापासून लांब, बंदरात होड्यांचं डिझेल तरंगतं तिथे नाही. घरी आणून कापडाने गाळ, झाकलेल्या ड्रममध्ये अंधारात आठवडाभर ठेव, हवेचा पंप लावून, खाली बसलेला गाळ सोडून वरचं घे. दर वेळी खारटपणा मोज, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास हवं. पावसाळ्यात पाणी आणूच नकोस, नद्यांचं गोडं पाणी मिसळून खारटपणा पार खाली येतो आणि मातीही असते, त्यामुळे मे महिन्यात दोन-तीन ड्रम भरून ठेव किंवा चार महिने विकतचं मीठ वापर.

आणि आता तुझ्यासाठी आनंदाची बातमी, ७० लिटरला स्किमर नसला तरी चालतं. मागे लटकवायचा साधा फिल्टर घे, त्यातला स्पंज दर आठवड्याला टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळ, आत थोडा कार्बन ठेव, एक छोटा वेव्हमेकर. आठवड्याला १० लिटर पाणी बदलायचं, न चुकता. पाणी फुकट आहे तर हाच तुझा फिल्टर. मासे दोनच, छोटे.

आमच्याकडे दीड वर्षापासून ४ फुटी टँक आहे, सम्प, स्किमर सगळं आहे. वीज गेली आणि आली की हमखास स्किमर उतू जातो, मागच्या आठवड्यात तर सम्पच भरून वाहिला, हॉलभर खारं पाणी, सोफ्याचे पाय गेले. नवऱ्याने अल्टिमेटम दिलाय. स्किमर बदलू का? — एक वाचक, नागपूर

स्किमर बदलू नका, नवऱ्याचं बघा तुम्ही.

गंमत सोडा, दोन वेगळे घोळ आहेत. वीज गेली की रिटर्न पंप थांबतो आणि रिटर्नची नळी उलटी होऊन सायफनसारखं टँकचं पाणी खाली ओढते. नळीचं तोंड जितकं खोल तितकं जास्त पाणी उतरणार. तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम इंचभर खाली आणा, आणि पाण्याच्या पातळीला नळीला एक छोटं भोक पाडा म्हणजे हवा शिरून सायफन तुटेल. ते भोक शेवाळाने बुजतं, महिन्याला टोचून बघायचं. वन-वे व्हॉल्व्ह लावा सांगणारे भेटतील, त्यात एक गोगलगाय अडकली की तो उघडाच राहतो, त्यावर हॉल सोपवू नका. मग स्वतः मेन स्विच बंद करून बघा पाणी कुठवर चढतं, आणि चालू असताना सम्पवर मार्करने रेघ मारा, त्या रेघेच्या वर कधीच भरायचं नाही.

स्किमर का उतू जातो तर वीज आल्या क्षणी सम्पमधली पातळी वाढलेली असते, आणि स्किमर बाहेरच्या पातळीप्रमाणेच आत फेस चढवतो. तो ज्या कप्प्यात आहे त्या कप्प्याची पातळी कायम एकसारखी राहायला हवी, आडव्या काचेवरून पाणी पुढे सांडेल असा कप्पा हवा. शिवाय स्किमरच्या प्लगला पाच-दहा मिनिटं उशिरा चालू करणारा टायमर लावा, इलेक्ट्रिशियनला ‘डिले’ सांगितलं की कळतं. टँकमध्ये हात घालताना साबण, क्रीम, तेल लागलेलं नको, त्यानेही तो दिवसभर उधळतो.

इन्व्हर्टरवर वेव्हमेकर आधी, रिटर्न नंतर, स्किमर जमला तर. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नाही, तो बॅटरी खाऊन टाकेल. नागपूरचा मे म्हणजे चिलरशिवाय गत नाहीच म्हणतात, पण तुमची हवा कोरडी, तिथे पाण्यावर सोडलेला छोटा पंखा दोन-तीन अंश सहज उतरवतो. हीच युक्ती दमट मुंबईत तेवढी चालत नाही, आम्हाला चिलरचं बिल भरावं लागतं. पंख्याने पाणी भराभर उडतं, ते भरताना शून्य टीडीएसचं गोडं पाणीच घाला, मीठ मागेच राहिलेलं असतं. पहिल्या उन्हाळ्यात मी मिठाचं पाणी भरत गेले होते, महिन्याभरात खारटपणा कुठच्या कुठे.

यूव्ही लावला तर पांढरे डाग जातात का? — मडगाव

गेलेत असं वाटतं, जात नाहीत. यूव्ही म्हणजे जंतू मारणारा अतिनील दिवा, त्याच्या नळीतून गेलेले जंतू मरतात, माशाच्या अंगावर बसलेले आणि वाळूत पुटकुळी करून पडलेले नाहीत मरत. मासे वेगळ्या उपचाराच्या टँकमध्ये काढा, तिथे नुसता स्पंज फिल्टर आणि प्लास्टिकच्या पाइपचे तुकडे लपायला, तांब्याचं औषध तिथेच द्या, मोजून. मोठ्या टँकमध्ये दिलंत तर दगड-वाळू ते शोषून घेतात आणि पुण्याच्या काकांसारखं होतं. मोठा टँक मग अडीच महिने माशांशिवाय चालवायचा, डाग आणणारा जीव मासे नसले की उपाशी मरतो. यूव्हीचे पैसे या उपचार टँकवर घाला.

घरचं जाडं मीठ चालेल का? विकतचं समुद्री मीठ फार महाग पडतं. — तीन-चार जणांनी विचारलंय

नाही. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असं बरंच काही असतं, जाड्या मिठात बहुतेक नुसतं सोडियम क्लोराइड. लिटरला साधारण ३५ ग्रॅम लागतं, म्हणजे १९० लिटरला साडेसहा-सात किलो पहिल्यांदा, त्यानंतर आठवड्याला २० लिटर बदललं तर ७०० ग्रॅम. तेवढं जड जात असेल तर टँक छोटा घ्या. जाडं मीठ लोणच्यात घाला.